मौजे कोपरी येथील बटाट्याच्या बांधाची हकीकत

ज्या साली काळुराम मढवी याच्या लग्नात भात कमी पडला आणि डोंबिवलीचे व्याही अर्ध्या पोटी हात धुऊन उठले, ते साल शके अठराशे चार, चित्रभानुनाम संवत्सर. मौजे कोपरी, नजीक ठाणे, येथे पुष्कळ दिवस साले मोजीत ती या भातापासूनच. कोणाची म्हैस भात कमी पडला त्याच्या आदल्या साली व्यालेली, कोणाचा आजा भात कमी पडल्यावर दोन सालांनी गेलेला, ऐसे लोक बोलत आणि सर्वांस समजे. त्याच सालच्या कार्तिकापासून माघापर्यंत त्या घरात जे थोर युद्ध जाहले, ज्यात दोन फौजा, एक बांध, दोन बैलांचे शेण आणि तोफेच्या दारूत पडणाऱ्या मालाचे अर्धे पोते कामी आले, त्याची ही हकीकत. राजांच्या लढाया लिहिणारे पुष्कळ आहेत. बटाट्याची लढाई कोणी लिहीत नाही, म्हणून लोक ती विसरतात आणि पुन्हा तीच चूक करितात. खाडीचे पाणी जिच्या आज्ञेने चढते आणि उतरते ती एकवीरा आई या लिहिण्यास साक्ष असो.

त्या घराची मुखत्यारी हौसाबाईसाहेब यांजकडे होती. ही बाई परशुराम व काळुराम या बंधूंची आत, म्हणजे बापाची बहीण. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी कपाळ मोकळे, आणि बाराव्या वर्षापासून भावाच्या घरी. मग भाऊ गेला, मग भावजय गेली, आणि दोन पोरे तिच्या पदरी पडली. मग एकास पाठीशी बांधून आणि एकास बोटाशी धरून तिने मिठागरात टोपल्या वाहिल्या आणि दोघांस मिशा फुटेपर्यंत वाढविले. हुकूम तिचा चाले, परंतु जमिनीत तिचा वाटा वितभरही नव्हता, कारण लेकीबाळीस वाटणी देण्याची चाल नव्हती. तिची दौलत म्हणजे चुलीपुढील एक पाट. त्यावर बसून ती दोन वेळा घास घेई, आणि चूल एक होती तोवर, बाई तू कोणाच्या वाट्याची, हे तिला कोणी विचारले नाही.

आता युद्धाचे कारण. काळुरामाची नवी बायको शेवंती डोंबिवलीची. माहेरची माणसे उपाशी उठली हे तिने हळदीच्या अंगाने पाहिले होते, आणि भात रांधणारी थोरली जाऊ लक्ष्मी, हेही तिने ध्यानी ठेविले होते. मग एक म्हणे भात मोजून घातला होता, वऱ्हाडीच दुप्पट आले. दुसरी म्हणे वऱ्हाडी मोजकेच आले होते, भात निम्मा घातला होता. आणि या वादात ज्येष्ठ गेला, आषाढ गेला, आणि भाद्रपदात दुसरी चूल मांडावी ऐसे बोलणे ओसरीपर्यंत आले.

दुसरी चूल म्हणजे काय, हे हौसाबाईस पक्के ठाऊक होते. शेजारच्या भिवा मुकादमाची आई अशीच वाटली गेली होती. सहा महिने थोरल्याकडे, सहा महिने धाकट्याकडे. आणि ज्या साली अधिक महिना आला त्या साली दोघेही दार लावून बसले, कारण तेरावा महिना कोणाचा हे वाटणीत ठरलेच नव्हते. म्हातारीने तो महिना देवळाच्या पायरीवर काढिला. भिवास हे आठविले की तो अद्याप खाली मान घाली. मग हौसाबाईने मनाशी गाठ मारिली की प्राण गेला तरी चालेल, परंतु या घरात चूल दुसरी होऊ देणार नाही. एवढा एकच किल्ला तिला राखावयाचा होता.

याच सुमारास काळुरामजी टेंभीकडील एका साहेबाच्या बंगल्यावर माळीकामास होते. साहेब विलायतेस निघाला आणि जाताना त्याने यांस दोन वस्तू नजर केल्या: एक पाटी बियाण्याचे बटाटे आणि अर्धे पोते सोरा. त्याने खानसाम्याकरवी हुकूमही फर्माविला की शेणखत बक्कळ घालणे, आणि वरून सोरा चिमटीने, दोन वेळा, घालणे. हुकूम दोन कलमांचा होता. त्यातील शेणाचे कलम काळुरामजींस घरचेच वाटले, म्हणून ते त्यांनी ऐकले नाही. सोऱ्याचे कलम विलायती वाटले, म्हणून तेवढेच घेऊन ते कोपरीस आले. पुढील सर्व अनर्थ या अर्ध्या हुकमातून निघाला.

घरची वाडी तळ्याच्या काठी, दहा गुंठे, गोड्या पाण्याची. पूर्वेस खाडी, खाडीस मिठागरे, मध्ये खारबांध. त्या गावाची सगळी हयात बांध घालण्यात गेलेली. बांधापलीकडे मीठ, बांधाअलीकडे भात, आणि उधाणात बांध फुटून खारे पाणी आत आले की तीन साले दाणा नाही. ऐशा गावात काळुरामजी गोण खांद्यावर घेऊन आले, आणि त्यांनी मूठभर पांढरा दाणा ओसरीवर ओतून जाहीर केले की हा मी वाडीत टाकणार. तेव्हा राजश्री परशुरामजी भरल्या ताटावरून उठले.

"आते, बघ गो! आपल्या बापानं जन्मभर बांध घातला मीठ भायेर ठेवाला, आन् यो दिवटा गोणीनं आत आणतंय!"

"मीठ नाय दादा, सोरा हाय. सायबाच्या बंगल्यात याच्यावर नारळायेवढं बटाटं झालं."

"मग सायेब पळाला कशाला विलायतेला? पोट दुखलं असंल."

मग तंटा पंचांकडे गेला. मिठागरांचे मुकादम भिवाजी, ज्यांची जीभ त्या किनाऱ्यावर सर्वांत वडील, त्यांस पाचारण जाहले. भिवाजींची रीत ऐसी की पांढरा दाणा कोणताही असो, तो आधी जिभेवर ठेवावा आणि डोळे मिटून त्याची पत सांगावी; मीठ कोणत्या आगराचे, कितव्या पाण्याचे, हे ते बिनचूक सांगत. त्यांनी सोरा जिभेवर ठेविला, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत.

"थंड लागतंय," ते म्हणाले. "खारट कमी, कडू जास्ती. ज्यानं पिकवलं त्याला आगरातून हाकला. असलं बाद मीठ मी जन्मात नाय चाखलं."

"मामा, यो मीठच नाय!"

"पांढरं हाय, दाणेदार हाय, जिभेला झोंबतंय. मग काय साखर हाय?"

"तोफेच्या दारूत घालतात यो."

"मंग बटाटं खायाचं हाय का किल्ल्यावर उडवायाचं हाय?"

ओसरीवर मोठा हशा जाहला. काळुरामजींस तो सहन न होऊन त्यांनी प्रमाण दाखविण्याकरिता सोऱ्याची मूठ भरली आणि आत जाऊन चुलीच्या निखाऱ्यांवर टाकली. तो ऐसा भडका उठला की तव्यावरील सुकट छपरास लागली, मांजर तीन दिवस परत आले नाही, आणि प्रमाण जवळून पाहावे म्हणून वाकलेल्या भिवाजींच्या उजव्या मिशीचा अर्धा परगणा जळून गेला. तेव्हा लक्ष्मीबाई ओरडल्या, "अगो बाय, माझी चूल!" आणि उंबऱ्यातून शेवंतीबाई बोलल्या, "तुमची? मंग आमची कंची गो जाऊबाय, तेवढी दाखवा."

हे दोन शब्द, माझी आणि आमची, हौसाबाईंच्या कानी पडले आणि त्यांस समजले की गनीम दारात आला. आता मसलत न केल्यास संध्याकाळपर्यंत अंगणात दुसऱ्या चुलीचे तीन धोंडे मांडले जातील. मग त्यांनी तिथेच फर्मान काढिले की, वाडीचे दोन समान मुलूख करावे. सोळा सऱ्या, आठ उत्तरेच्या, आठ दक्षिणेच्या. उत्तरेस थोरल्याने आपल्या खताने बटाटा लावावा, दक्षिणेस धाकट्याने आपल्या. माघात पंचांसमक्ष काढावा. ज्याचा ढीग मोठा त्याचा शब्द वाडीत कायम. आणि तोवर उभय पक्षी वाटणीचा उच्चार करू नये. ऐसे फर्मान. त्याचे मूळ शब्द ऐसे होते:

"गप बसा दोघंय. बटाटं निघंपर्यंत जो कोन चुलीचं नाव काढील त्याच्या ताटात मी सोरा वाढीन."

बाईंची खरी मसलत निराळी होती. बटाट्यास शंभर दिवस लागतात हे त्यांनी काळुरामास विचारून घेतले होते. शंभर दिवस चूल टिकते, आणि शंभर दिवसांत देवास काही सुचते. परंतु रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांच्या ध्यानी आले की आपण आपल्याच हाताने सुरुंग पेरिला. थोरला हरला तर धाकट्याच्या हाताखाली राहणार नाही. धाकटा हरला तर शेवंती त्यास डोंबिवलीस घेऊन जाईल. जो जिंको, चूल फुटणारच, आणि तीही पंचांसमक्ष. मग त्या उठून बसल्या आणि शब्द दिला गेला म्हणून पुन्हा निजल्या.

कार्तिक शुद्ध पंचमीस सरहद्द ठरली. बाईंनी सुंभ ताणिला, स्वतः फावडे घेतले, आणि आठव्या व नवव्या सरीच्या मध्ये वीतभर उंचीचा मातीचा बांध घातिला. घालण्यापूर्वी दोन्ही टोकांस, कोपरभर खोल, मसाला वाटण्याच्या जुन्या फुटक्या पाट्याचा एकेक तुकडा पुरला. जन्मभर बांधावर राबलेली बाई, तिला बांधाचा स्वभाव माहीत होता. बांध जागेवर राहत नाही. हे तुकडे पुरताना तळ्यावरच्या बगळ्यावाचून कोणी पाहिले नाही.

मग उभय फौजा सजल्या. परशुरामजी, ज्यांस गावाने शेणबहादूर हा किताब दिला, त्यांनी उत्तर मुलखात रसद भरली. दोन बैलांचे आणि एका म्हशीचे दोन साले कुजलेले शेण, तळ्याचा काळा गाळ, राख, आणि वर चेंदणीच्या कोळीवाड्यातून आणलेली कुजकी मासळी. तिचा वास ऐसा की ठाण्याच्या स्टेशनात उभे असलेले उतारू कोपरीकडे पाहून नाक धरीत. काळुरामजी, किताब सोराजंग, यांनी दक्षिण मुलखात शेणाचा कणही पडू दिला नाही. त्यांच्या सऱ्या धुतल्या ताटाप्रमाणे स्वच्छ, आणि प्रत्येक पाण्याला प्रत्येक रोपाच्या बुडाशी सोऱ्याची मूठ. साहेबाने चिमूट सांगितली होती, परंतु मिठागरातल्या हातास चिमूट माहीत नसते, त्यास फावडे माहीत असते. मूठ घातली हाच त्यांनी संयम मानिला.

मार्गशीर्षात दक्षिणेचा जयजयकार जाहला. सोऱ्याची रोपे मांडीइतकी, काळीभोर हिरवी, आणि पाने ऐसी रुंद की शेवंतीबाईंनी एक तोडून लक्ष्मीबाईंच्या देखत त्याने वारा घेतला. उत्तरेस रोपे वीतभर, पिवळसर, रुसल्यासारखी. परशुरामजी बांधावर बसून आपल्या रोपांकडे पाहत आणि गाव परशुरामजींकडे.

"दादा, तुमची फौज बसून हाय का उभी हाय?" काळुरामजी पलीकडून विचारीत.

"बसलेली हाय. जेवतंय. तुझी उपाशी हाय म्हून नाचतंय."

हे उत्तर चांगले होते, परंतु देणाऱ्यास त्यावर भरवसा नव्हता. मग परशुरामजींच्या मनात पाप शिरले, आणि ते नवे नव्हते. बापाच्या बापापासून त्या किनाऱ्यावर चालत आलेले होते. दुसऱ्या दिवशी दिशा उजळता उजळता ते कुदळ घेऊन वाडीत गेले आणि त्यांनी बांध दक्षिणेस हातभर कोरला. अलीकडची माती ओढून पलीकडे सारली, काळुरामाच्या सरीतील रोपांच्या बुडाशी टाकली, आणि जिंकलेल्या पट्टीत आपला अंमल दिसावा म्हणून तिथे दोन पाट्या शेणखत पसरले. कोणी म्हणेल की शेणखत चोरून दुसऱ्याच्या रोपांस घालणे हा कसला चोर. परंतु मुलूख काबीज केल्यावर तिथे ठाणे बसवावे लागते, आणि परशुरामजींजवळ ठाणे बसविण्यास शेणावाचून काही नव्हते.

काळुरामजी त्याच आळीत वाढलेले. सांजेस पाणी पाजताना त्यांनी बांध पाहिला, वीत टाकून मोजला, आणि तो दीड हात उत्तरेस कोरला. माती इकडून ओढून तिकडे, रोपांच्या बुडाशी. आणि परत घेतलेल्या मुलखात सोऱ्याची चिमूट टाकली. मूठ नव्हे, चिमूट. कारण अर्धे पोते आता तळाशी आले होते, आणि दुसऱ्याच्या ताब्यात उद्या जाणाऱ्या जमिनीवर कोण मूठ उधळितो.

मग हा क्रम पडला. पहाटे बांध दक्षिणेस जाई, सांजेस उत्तरेस येई; पहाटे शेण, सांजेस सोरा; पहाटे मातीची भर, सांजेस मातीची भर; आणि मधल्या चार सऱ्यांचा मुलूख बटाटा निघेपर्यंत चाळीस वेळा जिंकिला गेला आणि चाळीस वेळा हरला गेला. तेथील रोपांनी या राजकारणात भाग घेतला नाही. ती खात राहिली.

पहाटे पाण्यास जाणारी हौसाबाई हे सर्व पाहत होती. पहिल्या दिवशी तिने हाक मारण्यास तोंड उघडले आणि मिटले. तिने विचार केला की आता हाक मारावी तर मोजणी होईल, मोजणी झाली की भांडण, भांडण झाले की चूल. आणि जोवर दोघेही चोर आहेत तोवर दोघांसही मोजणी नको आहे. चोरीत गुंतलेला माणूस वाटणी मागत नाही. घरी आल्यावर तिने पाहिले तर दोघे भाऊ शेजारी बसून पेज पीत आहेत, दोघांच्या नखांत एकाच बांधाची माती आहे, आणि दोघेही एकमेकांस मोठ्या आदराने मीठ पुढे करीत आहेत. मग तिने दोघांस एकेक पळी जास्त वाढिली.

पौषाच्या अखेरीस दक्षिण फौज कोसळली. रोपे आपल्याच उंचीने आडवी पडली, पानांच्या कडा करपल्या, आणि ज्या सऱ्यांत सोऱ्याची मूठ नेमाने पडत होती तेथे मातीवर पांढरा पापुद्रा धरला. खारे पाणी शिरलेल्या शेतावर धरतो तसाच तो होता. भिवाजींनी तो जिभेस लावला आणि धड होती ती डावी मिशी पिळली. काळुरामजींनी त्या रात्री घास कमी घेतला. शेवंतीबाईंनी प्रथमच जाऊबाईंजवळ विचारले, "आक्का, शेण हाय का गो थोडं?" परंतु वेळ गेली होती. उत्तरेची रोपे मात्र हिरवी होती, आणि ठेंगणी होती, आणि परशुरामजी रोज त्यांस उंच होण्याची विनवणी करीत.

माघ वद्य द्वितीयेस, शंभर दिवस भरले असता, पंचांसमक्ष जमीन उकरली. गाव लोटला. भिवाजी पाटी घेऊन मध्ये बसले, आणि हौसाबाई तळ्याच्या कडेस पदर घट्ट ओढून उभी राहिली. तिचे लक्ष ढिगाकडे नव्हते, ती दोन्ही सुनांकडे पाहत होती.

प्रथम उत्तरेच्या बाहेरच्या सहा सऱ्या काढिल्या. पाट्या सात, बटाटा निरोगी, गोडसर वासाचा, परंतु लिंबाएवढा. मग दक्षिणेच्या बाहेरच्या सहा. पाट्या पाच, काही बटाटे खरोखर नारळाएवढे, परंतु फुटलेले, आत पोकळ, आणि बाकी सर्व मुळ्या व पाला. परशुरामजींनी कुदळ खांद्यावर घेतली. शेवंतीबाईंनी पदराखालून गाठोड्याची गाठ चाचपली, कारण गाठोडे सकाळीच बांधून ठेविले होते. हौसाबाईंनी ते पाहिले, आणि त्या तळ्याच्या कडेसच खाली बसल्या.

मग मधल्या चार सऱ्या उकरिल्या.

पहिल्या कुदळीबरोबर लोक पुढे सरकले. एकेका बुडाखाली दहादहा, बाराबारा. मुठीएवढे, घट्ट, पातळ सालीचे, डोळे उथळ. आणि वर मातीची भर ऐसी की एकही उन्हाने हिरवा पडला नव्हता. पाट्या अकरा भरल्या, आणि तरी मातीत बटाटा उरलाच होता. भिवाजींनी एक बटाटा हातात घेऊन बोटाने वाजविला आणि कच्चाच चावला.

"यो कोनाचा?"

"माझा!" दोघे एकाच दमात म्हणाले.

"बांध बघा ना मामा," परशुरामजी म्हणाले. "बांधाच्या उत्तरेला हाय. उत्तर माझी."

"बांध आज पहाटं सरकवलास तू!"

"मी? तुला काय ठावं?"

"ठावं नाय? काल सांजेला मीच तिकडं..."

काळुरामजींनी तोंड मिटले. परंतु वाक्य बाहेर पडले होते, आणि गाव हसू लागला, आणि हसता हसता एकेकास आपापले बांध आठविल्यामुळे थांबला. तेव्हा हौसाबाई उठली. तिने काळुरामाच्या हातची कुदळ घेतली, वाडीच्या एका टोकापाशी गेली, कोपरभर उकरून पाट्याचा एक तुकडा काढिला, दुसऱ्या टोकापाशी गेली, दुसरा काढिला, आणि दोन्ही भिवाजींपुढे जोडून ठेविले. बांधाची खरी जागा उघडी पडली. ती चार सऱ्यांच्या बरोबर मध्ये होती. दोन सऱ्या थोरल्याने चोरल्या होत्या, दोन धाकट्याने, आणि कोणाचीही जमीन कोणाकडे राहिली नव्हती.

मग बाईंनी निवाडा फर्माविला की, ज्या जमिनीवर बांध फिरला ती जमीन बांधाची. आणि बांध ज्याने घातला त्याचा. सदरहू निवाड्याचे मूळ शब्द येथे देणे प्राप्त आहे:

"चाळीस दिवस बघतंय मी, पहाटं यो आन् सांजेला त्यो. शेन चोरून घातलंव, सोरा चोरून घातलंव, माती चोरून लावलीव, आन् तेवढ्याच जागी बटाटा झाला. आपआपल्या हक्काच्या जागी दोघांनी घाण केलीव. बांध माझा हाय. मी घातला. चार सऱ्या माझ्या. आता बोला, कोन जिंकला?"

परशुरामजी पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागले, आणि ती बांधाची निघाली म्हणून थांबले. मग भिवाजी मुकादम उठले. आईचा तो तेरावा महिना त्यांच्या मनातून गेला नव्हता, हे त्यांच्या आवाजावरून गावास कळले.

"आते जिंकली," ते म्हणाले. "आन् ऐक रं काळ्या. मी म्हटलं होतं यो मीठ बाद हाय. बाद नव्हतं. नुस्तं मीठ वाढलं तर जेवन होतं काय? आन् परश्या, अळणी पेज तरी कोन पितंय? पेज तुझी, चिमूट त्याची. चूल मात्र एक पायजे, नायतर कालवायचं कशात?"

येणेप्रमाणे तह जाहला. बांध मोडून टाकावा. आश्विनात सगळ्या सोळा सऱ्यांस शेणखत आणि तळ्याचा गाळ थोरल्याने घालावा, आणि वास कमी येईल ऐसे बेतावे. सोरा काळुरामजींनी चिमटीने, लावणीनंतर एकदा आणि मातीची भर देताना एकदा, आणि चिमूट केवढी हे शेवंतीबाईंच्या बोटांनी ठरावे, कारण घरात तीच बोटे लहान. माती दोघांनी मिळून लावावी; आणि दोघांच्या हातून उत्तम काम चोरीच्या वेळीच झाले असल्यामुळे कामाच्या वेळा पहाट आणि सांज याच कायम ठेवाव्या. खानसाम्याने सांगितलेल्या हुकमाचे पहिले कलम काळुरामजींस याच दिवशी आठविले, परंतु त्यांनी ते पुढे बारा वर्षे कोणास सांगितले नाही.

सांजेस मधल्या सऱ्यांतील बटाटे सुकट घालून रांधले. लक्ष्मीबाईंनी फोडी केल्या आणि शेवंतीबाईंनी फोडणी दिली, आणि भात मोजून न घालता हांडाभर घातला. डोंबिवलीस निरोप गेला होता. व्याही आले, पोटभर जेवले, आणि शेवटी भात उरला. ही गोष्ट शेवंतीबाईंनी तीन वेळा मोठ्याने सांगितली. बांधून ठेविलेले गाठोडे कोणी सोडले हे ठाऊक नाही. रात्री त्यातील लुगडी पुन्हा वलणीवर होती.

पुढील सालापासून वाडी उतरली नाही. शेजाऱ्यांनी नुसता सोरा आणून पाहिला आणि जमीन पांढरी केली. नुसते शेण घातले आणि लिंबे काढिली. मग ते एकेक करून पहाटे हौसाबाईच्या ओसरीवर येऊन विचारू लागले, आणि ती सर्वांस सांगे की आधी शेण, वर चिमूट, आणि शेजाऱ्याशी भांडण ठेवा पण माती लावा. मधल्या चार सऱ्यांस गाव आतेच्या सऱ्या म्हणे. कागदावर त्या कधी चढल्या नाहीत. तिथे पहिली कुदळ तीच मारी, आणि तिथे निघालेल्या पाट्या कोणत्या कामी लावाव्या हे तीच सांगे. भिवा मुकादमाकडे दर साली एक पाटी जाई, आणि अधिक महिना असेल त्या साली दोन.

ऐसी ही मोहीम फत्ते जाहली. चूल राहिली.

हौसाबाई मढवी, राहणार कोपरी, शके अठराशे पंधरा, विजयनाम संवत्सर, माघ वद्य चतुर्थीस, आपल्या सऱ्यांतील पहिली पाटी घरात आल्यावर, प्रहर दिवसास वारली. त्या दिवशी चूल विझविली. विझविण्यास एकच होती.